ओळ एकतीस ते चौतीस

सकाळी सव्वानऊला डिझाइन विभागातून पहिला फोन आला. सोनटक्के बोलत होते.

"विभावरी, माझं फोल्डर दिसत नाहीये."

"मशीन बंद करून चालू करून बघा ना."

"दोनदा केलं. माझंच नाही, इथे कुणाचंच दिसत नाहीये."

मी सर्व्हर उघडला. जिथे साडेसहाशे माणसांची फोल्डरं असायची तिथे काहीच नव्हतं. पांढरी खिडकी आणि खाली एक शून्य. मी ती खिडकी बंद केली, परत उघडली. तोवर टेबलावरचे दोन्ही फोन वाजायला लागले होते.

ही २०१३ सालच्या मार्चमधली गोष्ट. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणारा एक कारखाना होता, तिथे मी संगणक विभागात होते. विभाग म्हणजे आम्ही दोघंच, मी आणि माझे साहेब मुळगुंद. मला लागून अकरा महिने झाले होते आणि एप्रिलमध्ये कायम होण्याचं पत्र यायचं होतं.

कारखान्यात कंत्राटी माणसं सतत यायची-जायची. माणूस गेला की त्याचं खातं बंद करायचं, ई-मेल बंद करायचा, सर्व्हरवरचं त्याचं फोल्डर काढून टाकायचं. मी आले तेव्हा हे सगळं हाताने चालायचं. एकेका नावाला पंधरा मिनिटं लागायची आणि कधी कधी तर एकदम शंभर नावं यायची. तेव्हा इंटरनेटवर एक जागा होती. माझ्यासारखं काम करणारे जगभरातले लोक स्वतःच्या कामासाठी लिहिलेल्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम, तिथे ठेवायचे. कुणीही घ्यावं, वापरावं, जमलं तर सुधारून परत ठेवावं, असा तिथला रिवाज. शोधता शोधता मला हवी होती नेमकी तशी स्क्रिप्ट मिळाली. वरती नाव होतं प्रल्हाद हुलसुरे, संगणक प्रयोगशाळा, उदगीर.

मला गंमत वाटली होती. अमेरिका, जर्मनी, ब्राझील आणि मध्येच उदगीर. त्यांच्या तिथे अकरा स्क्रिप्ट होत्या. कॉलेजात दरवर्षी मुलं बदलतात, त्यांची खाती उघडायची आणि बंद करायची, त्यासाठी लिहिलेल्या. दर चार ओळींमागे एक ओळ माणसासाठी होती, जी संगणक वाचतच नाही. 'इथे आपण नाव तपासतो.' 'इथे जरा सावकाश.' समोर बसून शिकवल्यासारखं. मी ती स्क्रिप्ट घेतली, आमच्या सोयीची करून घेतली आणि चार महिने ती बिनबोभाट चालली. आदल्या संध्याकाळी पर्सोनेलकडून दोनशे बारा नावांची यादी आली. मी साडेपाचला स्क्रिप्ट चालू केली आणि घरी गेले.

"बॅकअप लाव," मुळगुंद म्हणाले. ते घामाघूम झाले होते.

मी बॅकअपची टेप शोधली. शेवटची टेप अकरा दिवसांपूर्वीची होती. टेपचं यंत्र जुनी टेप वाचायचं, पण नवी भरायचं बंद पडलं होतं आणि ते दुरुस्तीला पाठवणं मुळगुंदांकडे होतं. ते त्यांनी पाठवलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत फोल्डरं परत आली, पण अकरा दिवसांपूर्वीची. सोनटक्क्यांचं एका पाणीपुरवठ्याच्या पंपाचं ड्रॉइंग त्या अकरा दिवसांतलं होतं. ते सहा महिन्यांनी रिटायर होणार होते. खुर्चीत टेकून ते एवढंच म्हणाले, "परत काढतो. डोक्यात आहे अजून." आणि नवीन फाइल उघडून पहिली रेघ मारायला बसले.

मुळगुंदांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"पुण्याच्या हेड ऑफिसला उत्तर द्यायचंय. तो प्रोग्राम कुणाचा होता?"

"नेटवरचा आहे सर. उदगीरच्या कुणाचा तरी."

"म्हणजे आपला नाही."

"आपला नाही."

"मग प्रश्नच मिटला. बाहेरच्या प्रोग्राममध्ये दोष होता, असं लिहितो. तू तिथे त्या साइटवरही लिही. आज, आत्ता. म्हणजे आपल्याकडे पुरावा राहील."

मी जागेवर येऊन लिहिलं. इंग्रजीत, पाच ओळी. या स्क्रिप्टमध्ये गंभीर दोष आहे, तिने आमच्या साडेसहाशे माणसांची फोल्डरं पुसून टाकली, कृपया कुणीही वापरू नये. पाचपैकी एक चांदणी दिली. माझं तिथलं नाव होतं व्ही. के. ॲडमिन. लिहिताना मला राग आलेला होता आणि तो खरा होता. त्या वेळी मला मनापासून वाटत होतं की त्या माणसाने आम्हाला खड्ड्यात घातलं.

तासाभरात उत्तर आलं. त्यांचं इंग्रजी शाळेत शिकलेलं, जपून लिहिलेलं होतं. मी ते मराठीत सांगते.

'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी अत्यंत दिलगीर आहे. लोकांच्या फायली परत मिळाल्या का? यादीत एखादी ओळ रिकामी असेल तर असं होऊ शकतं, म्हणून ओळ एकतीस ते चौतीसमध्ये मी ती तपासणी घातली आहे. शंका आली की स्क्रिप्ट थांबून विचारते. ती का थांबली नाही, ते मला कळत नाही. आपण वापरलेली प्रत पाठवू शकाल का? मी दोष शोधून काढीन.'

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिसात कुणी आलेलं नसताना, मी माझी प्रत उघडली. तिसाव्या ओळीनंतर थेट पुढचं काम सुरू होत होतं. मधल्या चार ओळी नव्हत्या.

मग मला आठवलं. जानेवारीत मी त्या काढल्या होत्या. स्क्रिप्ट सारखी थांबायची. नावात टिंब असलं तरी थांबायची, जास्तीची मोकळी जागा असली तरी थांबायची, 'पुढे जाऊ का?' विचारायची. दर वेळी समोर बसून 'हो' म्हणायला लागायचं. मला कंटाळा आला आणि मी त्या चार ओळी पुसून टाकल्या. त्यानंतरच्या याद्या नीट होत्या म्हणून काही झालं नाही. या वेळच्या यादीत एकशे चाळिसाव्या नावाखाली एक ओळ रिकामी होती. नाव नाही म्हटल्यावर पत्त्यात उरलं ते सगळी फोल्डरं ठेवलेलं मुख्य फोल्डर, आणि स्क्रिप्टने सगळ्यांचीच फोल्डरं काढली.

मी मुळगुंदांकडे गेले.

"सर, त्यांचा दोष नाहीये. आपली चूक आहे."

त्यांनी दार लावून घेतलं. "आपली म्हणजे कुणाची?"

"माझी. मी तपासणीच्या ओळी काढल्या होत्या."

"कुणाला सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग सांगू नकोस. उत्तर गेलंय पुण्याला. आता परत लिहिलं तर ते विचारतील, टेप अकरा दिवस जुनी का. मग मीही जाईन आणि तूही जाशील. उदगीरच्या माणसाचं काय जाणार आहे? त्याला काय पगार मिळतो का त्याचा? फुकटात टाकलंय त्याने."

मला ते पटलं, असं नाही. पण मी त्या वाक्याला धरून राहिले. त्यांनी पाठवायला सांगितलेली प्रत मी पाठवली नाही. त्यांनी आणखी एकदा लिहिलं, त्यालाही उत्तर दिलं नाही. मग ते पान उघडायचंच सोडून दिलं. एप्रिलमध्ये मला पत्र मिळालं. सोनटक्के पुढचे पाच रविवार कामावर आले, मी त्यांच्याकडे बघायचं टाळत राहिले.

दोन वर्षांनी मी पुण्याला गेले. लग्न झालं, मोठ्या कंपनीत लागले, हाताखाली माणसं आली. २०१९च्या नोव्हेंबरात बातमी आली की ती साइट कायमची बंद होणार, ज्यांना जे हवं ते त्यांनी उतरवून घ्यावं. आमच्या टीमने काय काय घ्यायचं त्याची यादी केली. मी माझ्या जागेवर बसून, सहा वर्षांत पहिल्यांदा, हुलसुऱ्यांचं पान उघडलं.

माझ्या पाच ओळी तिथे होत्या. त्यांच्याखाली त्यांनी लिहिलेल्या तेवीस नोंदी होत्या.

'प्रयोगशाळेतल्या तीन जुन्या मशीनवर चालवून पाहिली. दोष दिसला नाही.' आठवड्याने, 'रिकाम्या ओळी मुद्दाम घालून चाळीस वेळा पाहिलं. दर वेळी थांबते. तरी शोधत आहे.' मग, 'सुट्टीत मुलं नाहीत, सगळी मशीन मोकळी आहेत. रोज पाहतो.' मग स्क्रिप्टच्या वरती ठळक अक्षरांत, 'या स्क्रिप्टमुळे एका संस्थेचं मोठं नुकसान झालं आहे. दोष मला अजून सापडलेला नाही. तोवर वापरू नये.' मध्ये कुणीतरी परदेशातल्या माणसाने लिहिलं होतं की आम्ही दोन वर्षं वापरतोय, काही होत नाही. त्याला त्यांचं उत्तर होतं, 'आपले आभार. पण ज्यांचं झालं त्यांचं झालं.' शेवटची नोंद त्याच वर्षीच्या जुलैची. 'सापडत नाही. बाकीच्या दहा स्क्रिप्टमध्येही असाच न दिसणारा दोष असू शकतो, म्हणून सगळ्याच काढून घेत आहे. व्ही. के. ॲडमिन यांनी मला क्षमा करावी.'

मी खाली लिहायला गेले. लिहिण्याची चौकट नव्हती. बंद होण्याआधी साइटवाल्यांनी पानं नुसती वाचण्यापुरती ठेवली होती.

तेव्हा उतरवलेली त्यांची मूळ प्रत आणि मी बदललेली माझी, दोन्ही माझ्या जुन्या फायलींत होत्या, त्यांचे कागद मी छापून घेतले. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी रात्री नवऱ्याला कामासाठी जाते म्हणून सांगितलं आणि उदगीरची बस धरली.

कॉलेजच्या फाटकावर शिपाई म्हणाला, "हुलसुरे सर? त्यांनी सोडलं की. चार वर्षं झाली. स्टँडच्या मागं बायंडिंगचं दुकान आहे बघा त्यांच्या मेव्हण्याचं, तिथं बसतात."

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे झेरॉक्सचं यंत्र आणि संगणक, त्यावर एक बाई बसलेल्या. मागे जमिनीवर सतरंजी टाकून पन्नाशीतले एक गृहस्थ प्रोजेक्टच्या वहीला पाठीमागून खळ लावत होते. काठाला बोट फिरवायचे, उजेडात धरायचे, परत बोट फिरवायचे.

"हुलसुरे सर?"

"या ना. काय बांधायचंय?"

"बांधायचं काही नाही. मी पुण्याहून आले. आधी नाशिकला होते, पंपांच्या कारखान्यात. २०१३ साली तुमच्या स्क्रिप्टखाली ती तक्रार लिहिली होती, ती मी."

त्यांचा हात थांबला. वही त्यांनी शेजारी ठेवली, बोटं फडक्याला पुसली.

"व्ही. के. ॲडमिन?"

"हो."

"मला वाटायचं, कुणीतरी मोठे गृहस्थ असतील." ते घाईघाईने उठले, स्टूल पुढे केलं. "बसा मॅडम. अगं ए, बघ कोण आलंय. मी सांगत नव्हतो का, ते व्ही. के. ॲडमिन?" मग माझ्याकडे वळून, आवाज खाली करून विचारलं, "सापडला का दोष?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. ते रागावतील, ओळखही दाखवणार नाहीत, निघून जा म्हणतील, हे सगळं मी बसमध्ये गृहीत धरलं होतं.

"सापडला," मी म्हणाले. "तुमचा नव्हता."

मी दोन्ही कागद त्यांच्या हातात दिले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, कागद शेजारी शेजारी सतरंजीवर ठेवले आणि दोन्हींवर एकेक बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. ओठ हलत होते. पहिल्यापासून वाचलं, एकही ओळ सोडली नाही. तिसाव्या ओळीपाशी दोन्ही बोटं थांबली.

"इथून पुढं तुमच्यात चार ओळी नाहीत."

"हो. मी काढल्या होत्या."

"का?"

"सारखी थांबून विचारायची. कंटाळा आला होता."

"थांबायचीच ती," ते म्हणाले. "त्यासाठीच तर," आणि वाक्य तसंच सोडून दिलं. चेहऱ्यावर एक सुटल्यासारखा भाव आला होता, तो मी अजून विसरलेले नाही. त्यांनी वर पाहून बायकोला सांगितलं, "ऐकलंस का? आपल्यात काही नव्हतं. बरोबर होतं ते."

बाई यंत्रापासून उठून जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"तुम्हाला कधी कळलं, मॅडम?" हुलसुऱ्यांनी सहज विचारलं. त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांना वाटत असणार, आत्ताच कधीतरी, साइट बंद व्हायच्या निमित्ताने जुने कागद चाळताना.

आणि मी तसं सांगू शकले असते. ते ऐकून ते खूश झाले असते.

"दुसऱ्याच दिवशी," मी म्हणाले. "तुमचं पहिलं उत्तर वाचून."

त्यांनी मान हलवली. एकदा, मग परत एकदा. चष्मा काढून हातात घेतला.

"कितवं साल म्हणालाव, ताई?" बाईंनी विचारलं.

"२०१३."

"आणि आता कितवं चालू आहे?"

"२०१९," मी म्हणाले.

"चहा सांग ना," ते म्हणाले. बाई हलल्या नाहीत.

"हैदराबादच्या कंपनीनं बोलावलं होतं ह्यांना," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तुमचं नेटवरचं काम बघितलंय, या म्हणून. तिथं विचारलं, हे खाली काय लिहिलंय. तर हे म्हणाले, चूक माझीच असणार, मला अजून सापडली नाही. दुसरा कुणी असता तर सांगितलं असतं काहीबाही. मग लॅबमध्ये बटण दाबायला भ्यायला लागले. एक काम दहा बार तपासायचं. पोरं खोळंबायची, प्रिन्सिपॉल बोलायचे. सोडलं शेवटी. घराला कुलूप लावलं तरी अर्ध्या रस्त्यातून परत जातेत बघायला."

"असू दे गं," ते म्हणाले. "त्या एवढ्या लांबून आल्यात."

मी म्हणाले, "सर, मला माफ करा, असं म्हणायचासुद्धा मला हक्क नाही."

"तसं नाही मॅडम." ते शब्द शोधत होते. "तुमची नोकरी नवी असेल."

"होती."

"मग तसंच होतं." कागद सरळ करत त्यांनी विचारलं, "तिथं खाली लिहिता येईल का आता? की असं असं होतं म्हणून?"

"नाही येत, सर. मी प्रयत्न केला. साइट बंद होतेय."

"म्हणजे तुमचं लिहिलेलं पण जाईल."

"सगळंच जाईल."

"बरं," ते म्हणाले.

मी बसमध्ये ठरवून ठेवलेलं बोलले. आता नव्या जागा आहेत, अशा स्क्रिप्ट लोक तिथे ठेवतात. तुमच्या अकराही मी परत टाकते, तुमच्या नावाने. काय झालं होतं तेही खाली लिहिते, माझ्या खऱ्या नावाने. लोकांना आजही लागतात त्या. तुमच्याकडे असतीलच ना कुठे?

"आहेत," ते म्हणाले. क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. ते संगणकाकडे बघायला लागले. बाईंनी खुर्ची मागे सरकवून जागासुद्धा करून दिली. ते उठले, दोन पावलं गेले आणि थांबले.

"नको," ते म्हणाले.

"पण सर, चूक नव्हती. तुम्ही आत्ता स्वतः बघितलंत."

"बघितलं ना. ह्यात नव्हती." त्यांनी कागदाकडे बोट केलं. "बाकीच्या दहांत असली तर? एखाद्याचं काही गेलं, तर तो कुठं शोधत बसेल मला? नको मॅडम. माझं नाव कुठं टाकू नका." आणि ते परत सतरंजीवर बसले, अर्धी राहिलेली वही मांडीवर घेतली, काठाला बोट लावून पाहिलं. खळ वाळली होती. त्यांनी ती नखाने हळूहळू खरवडायला सुरुवात केली.

बाईंनी चहा सांगितला. तिघांनी घेतला. ते माझ्या मुलांची चौकशी करत होते, पुण्यात पाणी कसं येतं ते विचारत होते. निघताना म्हणाले, "हे कागद राहू देऊ का माझ्याकडं?" मी हो म्हणाले. त्यांनी चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवले आणि वरून हात फिरवला.

बाई मला स्टँडच्या वळणापर्यंत सोडायला आल्या. दुपारचं ऊन होतं, त्यांनी पदर डोक्यावर घेतला होता. मला वाटलं, आता त्या बोलतील ते मी ऐकून घेईन, कितीही बोलल्या तरी.

"आलाव ते बरं केलं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं ह्यांनाच काहीतरी झालंय. माझा पण भरवसा उडाला होता त्यांच्यावरचा. भांडायची मी. कशाला फुकटचं लोकांना द्यायला गेलाव म्हणून. ते कागद आता रोज काढतील, रोज वाचतील. आज बरं वाटलंय त्यांना. उद्या विचार करायला लागतील की ती बाई दुसऱ्या दिवशीच का नाही बोलली. त्याचं उत्तर त्यांना सापडायचं नाही. चांगल्या माणसाला नसतं सापडत ते."

"मी परत येऊ का? फोन करू?"

"नका करू, ताई. परत येऊ नका."

पुण्याची गाडी लागलेली होती. त्या माझ्या खिडकीखाली उभ्या राहिल्या, गाडी हलेपर्यंत. हात केला नाही, पण गेल्याही नाहीत.

मी परत गेले नाही.